बाथरूममधली वाफ आणि हवेची वाट

युक्रेनमधील चेर्नोबिलच्या अणुभट्टीत २६ एप्रिल १९८६ रोजी स्फोट झाला. पुढे नव्वदच्या दशकात नेल्ली झ्दानोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या उद्ध्वस्त भट्टीच्या भिंतींवर काळ्या बुरश्या वाढताना आढळल्या. जिथे माणसाने थोडा वेळ थांबणेही जिवावर बेतावे, तिथे या बुरश्या बिनघोर नांदत होत्या. त्यांतली एक प्रजाती म्हणजे क्लॅडोस्पोरियम स्फेरोस्पर्मम. ती किरणोत्सार कितपत अडवू शकते, हे पाहण्यासाठी तिला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही नेण्यात आले. हीच बुरशी जगभरच्या ओलसर बाथरूमांत, टाइल्स संपून रंग सुरू होतो तिथे आणि छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटवत राहते.

एवढ्या चिवट जिवाला फवारे मारून कायमचे हुसकावता येईल, ही आशा व्यर्थ आहे. पण तिची एक गरज अशी आहे की ती भागली नाही तर ती वाढतच नाही. ती गरज पाण्याची. पृष्ठभाग कोरडा राहिला तर बुरशीचे बीजाणू त्यावर बसतात आणि तसेच पडून राहतात. म्हणून बुरशीवरचा खरा इलाज बाटलीत शोधायचा नसतो, तो बाथरूममधली हवा कुठून येते, कुठून जाते आणि किती वेळ वाहते यात असतो. पंखा ही त्यातली फक्त एक वस्तू आहे.

डोळ्यांना दिसते ती वाफ नव्हे

पाण्याची खरी वाफ, म्हणजे बाष्प, अदृश्य असते. अंघोळ करताना जे पांढरे धुके दिसते ते बाष्प थंड होऊन बनलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात. हवेत किती बाष्प मावते हे तापमानावर ठरते. एक घनमीटर हवेत १० अंश सेल्सिअसला साधारण ९ ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम बाष्प मावते. दर दहा अंशांमागे ही क्षमता दुपटीच्या जवळपास वाढते.

याचा उलटा अर्थ असा की गरम, बाष्पाने भरलेली हवा थंड आरशाला किंवा भिंतीला लागली की तिला तेवढे बाष्प पेलवत नाही आणि उरलेले पाणी तिथेच उतरते. ज्या तापमानाला हे घडते तो दवबिंदू. पहाटेचे दव आकाशातून पडते, असे लोक पूर्वी समजत. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने लंडनजवळ लोकरीचे पुंजके रात्रभर उघड्यावर ठेवून, सकाळी त्यांचे वजन करून, दव हे थंड पृष्ठभागावर हवेतूनच जमते हे दाखवले. त्यांचा दवावरचा निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला. बाथरूमच्या आरशावर रोज सकाळी घडते ते हेच.

बुरशीचा संसार

बुरशी आपोआप उपजत नाही, ती बीजाणूंपासून वाढते, हे पिएर अँटोनियो मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये मांडले. खरबुजाच्या फोडींवर बीजाणू ठेवून त्यांनी तीच बुरशी पुन्हा उगवून दाखवली. हे बीजाणू इतके बारीक असतात की मिलिमीटरच्या हजारांशांतच त्यांचा व्यास मोजावा लागतो. ते सर्वत्र हवेत तरंगत असतात आणि कोणत्याही घरात त्यांना मज्जाव करता येत नाही.

ते रुजण्यासाठी पृष्ठभाग ओलाचिंब असावा लागत नाही. भिंतीला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी पुरते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुधा बुरशी धरत नाही, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे. अन्नाचीही चणचण नसते. टाइल स्वतः निर्जीव आणि कोरडी असली तरी तिच्यावरचा साबणाचा साका, अंगावरचे तेल, त्वचेचे कण आणि छताचा रंग ही सगळी बुरशीची शिदोरी असते. टाइल्समधले सांधे सच्छिद्र असल्याने तिथे ओल टिकते, म्हणून काळी रेघ आधी सांध्यांवर उमटते.

या वस्तीत नाना जातींचे रहिवासी आहेत. बादलीच्या तळाशी किंवा शॉवरच्या खाली दिसणारा गुलाबी बुळबुळीत थर पुष्कळदा बुरशीचा नसून सेरेशिया मार्सेसेन्स या जिवाणूचा असतो. एक्झोफियाला या काळ्या यीस्टला उष्णता इतकी मानवते की ते तुर्की पद्धतीच्या बाष्पस्नानगृहांत आणि भांडी धुण्याच्या यंत्रांतही सापडले आहे. काळेपणा येतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. बुरशी मेली तरी रंगद्रव्य राहते, म्हणून घासूनही डाग जात नाही. रंगावरून जात ओळखता येत नाही. ‘विषारी काळी बुरशी’ म्हणून जिचा बोलबाला झाला ती स्टॅकिबॉट्रिस सतत भिजलेला कागद, प्लायवूड किंवा जिप्सम बोर्ड पसंत करते. तिचा धोका टाइल्सपेक्षा फॉल्स सीलिंगच्या वर अधिक.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार अधिक होतात, हा त्यांतला मुख्य निष्कर्ष. ब्रिटनमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांच्या अवाब इशाक या मुलाचा मृत्यू झाला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे तो झाल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आणि घरमालक संस्थांना ओल व बुरशी ठरावीक मुदतीत दुरुस्त करायला लावणारा कायदा त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

बंब गेला, गिझर आला

आपल्याकडच्या जुन्या घरांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. कोकणातली न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, विहिरीजवळ असे. तिथे चुलाणावर तांब्याचा हंडा तापे. देशावर तांब्याचा बंब असे, त्याच्या मधल्या नळीत निखारे धगधगत. अंघोळीची जागा विस्तवाशेजारी असल्यामुळे भिंती रोज शेकल्या जात. कौलांच्या फटींतून धूर जाई, त्याच वाटेने वाफही जाई. भिंतींना चुना असे आणि चुन्याचा कडक अल्कधर्मी थर बुरशीला मानवत नाही. दर वर्षी नवा हात दिला की तो ताजा होई.

फ्लॅटमध्ये न्हाणीघर घराच्या पोटात आले. बंबाच्या जागी गिझर आला. तो पाणी तापवतो, खोली शेकत नाही. कौलांच्या जागी स्लॅब आला, त्याखाली लॉफ्ट किंवा फॉल्स सीलिंग. चुन्याच्या जागी प्लास्टिक इमल्शन आले. वाफेच्या जुन्या वाटा अशा एकेक करून बुजल्या. त्यांच्या बदल्यात भिंतीला एक छोटे भोक आणि त्यात बसवलेला पंखा एवढेच उरले.

किती हवा पुरते?

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने बाथरूमला बाहेरच्या हवेत उघडणारी, किमान ०.३७ चौरस मीटरची खिडकी किंवा झरोका सांगितला आहे. हे माप साधारण दोन फूट बाय दोन फूट. पण झरोका असला म्हणजे हवा वाहतेच असे नाही. बाहेर वारा नसेल, आत-बाहेर तापमान सारखे असेल, तर हवा जागची हलत नाही. काचेच्या पट्ट्यांची खिडकी पूर्ण उघडलेली असली तरी पट्ट्या, जाळी आणि धूळ मिळून बरीच जागा खातात.

म्हणून पंखा. अमेरिकेतील ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेचे मानक बाथरूमसाठी मिनिटाला ५० घनफूट, म्हणजे तासाला सुमारे ८५ घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा सांगते. तो अखंड चालणार असेल तर मिनिटाला २० घनफूटही पुरतात. ब्रिटनचे नियम सेकंदाला १५ लिटर, म्हणजे तासाला ५४ घनमीटर मागतात. जपानने २००३ पासून नव्या घरांत यांत्रिक वायुवीजन सक्तीचे केले, त्यात तासाभरात घरातली निदान अर्धी हवा बदलावी लागते. तिथे बाथरूमचा पंखा मंद गतीने दिवसरात्र चालू ठेवण्याची पद्धत आहे.

आपल्याकडचे पाच बाय सात फुटांचे, नऊ फूट उंचीचे बाथरूम घेतले तर त्यात जेमतेम ९ घनमीटर हवा असते. तासाला ८५ घनमीटर म्हणजे ती हवा तासात नऊ-दहा वेळा बदलणे. बाजारात मिळणाऱ्या सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरच्या एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर बहुधा तासाला २०० घनमीटरच्या वरचा आकडा असतो. मग पंखा गरजेच्या दुप्पट झाला का? नाही. तो आकडा पंख्यासमोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. मागची झडप, किडे अडवणारी जाळी, पाइपाचे वळण आणि पात्यांवरची धूळ यांनी त्यातली बरीच हवा गळते. सहा इंची पंखा मोठा वाटला तरी या आकाराच्या बाथरूमला तोच योग्य. चार इंची पंखा लहान, थेट बाहेर उघडणाऱ्या टॉयलेटपुरता ठीक.

हवा येणार कुठून?

पंखा निवडताना सगळे लक्ष बाहेर जाणाऱ्या हवेकडे असते. पण जितकी हवा बाहेर जाईल तितकीच आत यायला हवी. दार चौकटीत घट्ट बसले असेल आणि खाली दगडी उंबरठा असेल, तर पंखा नुसता घरघरतो, हवा हलत नाही. ब्रिटनचे नियम ७६० मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली १० मिलिमीटरची फट मागतात. आपल्याकडे उंबऱ्यामुळे खालची फट बंद होत असेल तर दाराच्या खालच्या भागात झडपांची जाळी बसवता येते. सुतार ते काम तासाभरात करतो.

दुसरी चूक याहून फसवी आहे. वाफ लवकर जावी म्हणून पंखाही लावायचा आणि त्याच्या शेजारची खिडकीही उघडायची, अशी अनेक घरांत सवय असते. हवा मात्र सर्वांत सोपी वाट धरते. ती खिडकीतून येते, हातभरावरच्या पंख्यातून निघून जाते आणि शॉवरखालची वाफ आहे तिथेच राहते. म्हणून पंखा चालू असताना त्याच्या शेजारची खिडकी बंद हवी आणि हवा दाराखालून शिरून, शॉवरवरून फिरून, समोरच्या कोपऱ्यातल्या पंख्यापर्यंत जायला हवी.

पंखा छताजवळ का, याचेही कारण आहे. गरम हवा हलकी असते हे तर खरेच, शिवाय पाण्याचा रेणू हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. त्याचा रेणुभार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. म्हणून बाष्पाने भरलेली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ‘दमट हवा जड’ हे आपल्या अंगाला वाटते, तराजूला नाही.

शाफ्ट आणि वरचे मजले

मुंबई-पुण्याच्या इमारतींत बहुतेक बाथरूमचे झरोके शाफ्टमध्ये, म्हणजे बोलीभाषेतल्या डक्टमध्ये उघडतात. शाफ्ट वरून उघडा असेल तर गरम हवा त्यातून चढून निघून जाते. पण गच्चीवरचे तोंड पावसाच्या किंवा कबुतरांच्या भीतीने पत्रा ठोकून बंद केले की तो शाफ्ट उभा डबा बनतो. मग खालच्या घरातली वाफ वरच्या घरात शिरते. ज्याचा पंखा बंद, त्याच्या घरात शेजाऱ्यांच्या बाथरूमचा वास. पंख्याला मागून आपोआप मिटणारी झडप असावी ती याचसाठी. शाफ्टच्या तोंडावर छप्पर हवेच असेल तर ते उंचावर, चारही बाजू मोकळ्या सोडून घालावे लागते. हे काम एकट्या घराचे नाही, सोसायटीचे आहे.

उंच मजल्यावर पंखा थेट बाहेर उघडत असेल तर वाऱ्याशी गाठ पडते. ताशी ३६ किलोमीटरचा वारा भिंतीवर सुमारे ६० पास्कलचा दाब देतो. साधा पात्यांचा एक्झॉस्ट फॅन याहून बराच कमी दाब पेलतो, म्हणून पावसाळी वाऱ्यात तो उलटा ढकलला जातो आणि झडप फडफडत राहते. अशा ठिकाणी, तसेच लांब पाइपातून हवा न्यायची असेल तिथे, पिंजऱ्यासारख्या चक्राचा अपकेंद्री पंखा किंवा पाइपातच बसणारा इनलाइन फॅन कामाचा. खिडकी नसलेल्या आतल्या बाथरूमला तर दुसरा पर्याय नाही. पाइप शक्य तितका आखूड, सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवला की आत साचलेले पाणी पंख्यावर परतत नाही.

पावसाळ्याचा पेच

आता कोकणपट्टीचा खरा प्रश्न. जुलैत बाहेरची हवा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची धरली तर तिच्या प्रत्येक घनमीटरात आधीच २४ ग्रॅम पाणी असते. आणखी फक्त ६ ग्रॅम मावेल. हवा ही पाणी वाहणारी हमाल मानली, तर पावसाळ्यात ती डोक्यावर ओझे घेऊनच कामावर येते.

हिशोब केला तर चित्र लख्ख होते. दहा चौरस मीटर टाइल्सवर आणि फरशीवर एक दशांश मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर राहिला तर ते पाणी एक लिटर भरते. प्रत्येक घनमीटर हवा ६ ग्रॅम उचलणार असेल, तर ते लिटरभर पाणी न्यायला १६० घनमीटरहून अधिक हवा लागेल. तासाला ८५ घनमीटरचा पंखा अखंड चालला तरी दोन तास. तेच पाणी वायपरने दोन मिनिटांत मोरीत जाते. म्हणून दमट हवामानात वायपर हा वायुवीजनाचाच भाग आहे. ओला टॉवेल आणि धुतलेले कपडे आत वाळत घालणे म्हणजे हमालावर नवे ओझे.

मग पावसाळ्यात पंखा निरुपयोगी का? तसे नाही. अंघोळीच्या वेळी आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक बाष्प बाळगून असते, ते काढायला पंखा उत्तमच. त्याला फक्त बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा कोरडी करता येत नाही. वायुवीजन संस्थांची शिफारस अंघोळीनंतर २० मिनिटे पंखा चालू ठेवण्याची आहे. पावसाळ्यात त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. ३० वॉटचा पंखा रोज दीड तास चालवला तर महिन्याला दीड युनिटही वीज लागत नाही.

आणखी एक कोडे याच हिशोबाने सुटते. बाथरूमच्या बाकी भिंती स्वच्छ आणि बेडरूमकडची तेवढी काळवंडलेली, असे वातानुकूलित घरांत का दिसते? वर सांगितलेल्या जुलैच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. पलीकडे रात्रभर एसी २२ वर चालला की मधली चार इंची भिंत त्याखाली जाऊ शकते आणि तिच्या बाथरूमकडच्या अंगावर दव धरू शकते. अंघोळ कोणीही केलेली नसते. अशा घरात मोठा पंखा आणून बाहेरची दमट हवा जास्त ओढली तर ओल वाढू शकते. एसीचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवणे आणि त्या भिंतीला एसीचा थेट झोत न लागू देणे, हे अधिक परिणामकारक.

महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तर पावसाळ्यात बाहेर ढगच असतो. २० अंशांची पूर्ण संपृक्त हवा कितीही आत घेतली तरी काही वाळत नाही. तीच हवा २६ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांवर येते, म्हणजे बुरशीच्या रेषेखाली. तिथे उष्णता हवी किंवा हवेतले पाणी काढणारे यंत्र हवे.

जिवाशी गाठ : गॅस गिझर

एका बाबतीत तडजोड नाही. गॅसवरचा गिझर बाथरूमच्या आत असू नये. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. भारतीय वैद्यकीय साहित्यात ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची नोंद आहे. शिवाय एक किलो एलपीजी जळताना सुमारे १.६ किलो पाणी बाष्परूपात बाहेर पडते, म्हणजे ओलीतही भर. गिझर मोकळ्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर ठेवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. आत पंखा आहे, एवढ्यावर भरवसा ठेवू नये.

साफसफाईतही असाच एक धोका. डागांवर वापरायचे ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचे आम्लयुक्त द्रव एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कोपऱ्यात वापरू नयेत.

निवडीचा क्रम

खर्च करण्याआधी टिश्यू पेपरचा तुकडा घ्यावा. पंखा चालू करून, दार लावून तो पंख्याच्या जाळीवर धरावा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला तर दार किंचित उघडून पुन्हा धरावा. आता चिकटला तर दोष पंख्याचा नाही, हवा आत येण्याच्या वाटेचा आहे. तरीही पडला तर पाती, झडप आणि पाइप साफ करून पाहावेत, आणि मगच नवा पंखा. तो घेताना आकारमान, झडप आणि आवाज पाहावा, कारण कर्कश पंखा माणसे अंघोळ होताच बंद करतात. सोबत टायमर किंवा आर्द्रता ओळखणारा स्विच घेतला तर विसरण्याचा प्रश्नच राहत नाही. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक छताजवळ टांगून ठेवला की रात्री झोपण्यापूर्वीचा आकडा सगळे सांगतो. तो रोज ८० च्या वर असेल तर डाग पुसणे थांबवून हवेची वाट आधी दुरुस्त करावी. आणि फ्लॅट विकत घेणाऱ्याने टाइल्सचा रंग पाहण्याआधी बाथरूमचा झरोका कुठे उघडतो आणि त्या शाफ्टचे तोंड गच्चीवर मोकळे आहे का, ते वर जाऊन पाहावे. टाइल्स नंतर बदलता येतात, शाफ्ट बदलता येत नाही.